विश्वनाथने टेलरला परत बोलावलं तेव्हा

'कर्णधार उदार झाला की संघ खड्ड्यात जातो' असं क्रिकेटबद्दल म्हटलं जातं; मला ते मत काही पटलं नाही. १९८० ची वानखेडेवरची भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी (भारतीय क्रिकेट मंडळाच्या पन्नाशीनिमित्तची) घ्या. इंग्लंड ५ बाद ५८. बोथम-टेलर जोडी जरा टिकतेय तोच पंचांनी इंग्लंडचा यष्टिरक्षक बॉब टेलरला झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या गुंडाप्पा विश्वनाथला मात्र बॅट लागल्याचं दिसलं नव्हतं. भारताचा कर्णधार या नात्याने त्याने पंचांशी बोलून टेलरला परत बोलावलं. जोडीने १७१ धावा ठोकल्या, इंग्लंड १० गड्यांनी जिंकलं. पण खापर एकट्या विशीवर (विश्वनाथवर) का? बोथमने शतकासोबत सामन्यात १३ बळी घेतले, आपण दुसऱ्या डावात १४९ मध्येच गारद! (हे सोयीस्कर विसरलं जातं.) तेव्हा रिव्ह्यू (पंचांचा निर्णय टीव्हीवर तपासून घेणं) वगैरे भानगड नव्हती; विश्वनाथ गप्प बसला असता तर नियमाने कुणी बोट ठेवू शकलं नसतं.