मदत हवी आहे : काळ्या गाडीच्या बोनेटवर पॉलिशचं पॅड चिकटतंय

परभणीकर

नमस्कार मंडळी. मामांची काळी सेडान पॉलिशला घेतली आहे आणि बोनेटवर येऊन काम पार अडलंय. गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाकडं कोरड्या फडक्यानं धूळ झटकायची सवय असावी, कारण उन्हात उभी केली की सगळ्या अंगावर गोल गोल ओरखडे चमकतात. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ किती बारीक असते ते सांगायला नको.

मशीन १५ मिमीचं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं), ५ इंची फोम पॅड, एक मध्यम कटचं कंपाउंड (ओरखडे घासून काढणारं जाडसर पॉलिश), एक फिनिशिंग पॉलिश. गाडी आधी शाम्पूनं धुतली, क्ले (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवला, रबरांवर टेप लावला. चारही दरवाजे आणि डिकी सुरेख निघाली. कटकट आहे ती बोनेट आणि उजव्या फेंडरची. तिथं दोन-तीन हात फिरले की पॉलिश वाळतं आणि पॅड पेंटला धरून बसतं. बॅकिंग प्लेटच्या (पॅड बसतं त्या चकतीच्या) कडेला मार्करनं रेघ मारली आहे; ती रेघ जागच्या जागी थांबते, मशीन नुसतं थरथरतं. पॅड उचललं की खाली खसखशीएवढ्या करड्या गोळ्या चिकटलेल्या. मायक्रोफायबरनं पुसल्या तर निघत नाहीत, ओढल्या जातात आणि मागं नवीन ओरखडे सोडतात. टॉर्च मारला की सगळीकडं धुरकट झाक.

जाडीच्या मीटरवर दरवाजे ११० ते १२५ मायक्रॉन, फेंडर १८०, बोनेट २६० च्या आसपास. म्हणजे हे दोन पत्रे आधी कुठंतरी रंगवून घेतलेत हे नक्की. पॅडवर काळा रंग येत नाही, म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आहे.

काम पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. दुपारी बोनेटवर हात ठेववत नाही म्हणून संध्याकाळी करतो, पण तेव्हाही पत्रा कोमटच असतो. पॉलिश कमी घेऊन पाहिलं, जास्त घेऊन पाहिलं, स्पीड वाढवून-उतरवून पाहिला. प्रत्येक वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तपासतो.

हा दोष उन्हाळ्याचा म्हणायचा की पेंटचाच? कंपाउंड आणखी कडक घेऊ का? बोनेट तसंच सोडलं तर दरवाज्यांसमोर ते आणखी वाईट दिसेल, आणि मामांनी विश्वासानं गाडी दिली आहे. ज्यांनी असा पेंट हाताळलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

लातूरकर

दादा, कंपाउंड कडक अजिबात घेऊ नका. पेंट मऊ आहे, तो आधीच सहज कापला जातोय. तुमची धुरकट झाक म्हणजे कंपाउंड आणि पॅडनं पाडलेले नवे बारीक ओरखडे. मऊ पेंटवरचे साधे स्वर्ल (ते गोल ओरखडे) पुष्कळदा नुसत्या फिनिशिंग पॉलिशनंच जातात. तिथूनच सुरुवात करा.

गोळ्या कामून होतात ते सांगतो. मशीन फिरतं तसा क्लिअर कोटचा अगदी पातळ थर निघतो. तो भुगा आणि वाळत आलेलं पॉलिश एकत्र येऊन चिकट लगदा होतो, पॅडच्या छिद्रांत भरतो आणि तिथून परत पेंटवर गोळा होऊन बसतो. पत्रा गरम असला की क्लिअर कोट आणखी मऊ पडतो, पॉलिशमधलं तेल-पाणी लवकर उडतं, मग पॅड धरणारच. तेव्हा ऊन आणि पेंट दोन्ही कारणं आहेत, पण ऊन तुमच्या हातात आहे. संध्याकाळचा नाद सोडा. शेडचा पत्रा दिवसभर तापलेला असतो, रात्रभरात उतरतो. पहाटे उजाडायच्या आधी सुरू करा आणि ऊन चढायच्या आत थांबा.

एका वेळी फूटभर बाय फूटभर एवढीच जागा घ्या. स्पीड सहापैकी तीन किंवा चार, दाब फक्त मशीनच्या वजनाचा. प्रत्येक जागेनंतर पॅडला ब्रश मारा, कंप्रेसर असेल तर हवा मारून भुगा उडवा. एकट्या बोनेटला चार-पाच पॅड लागले तरी लागू द्या. भरलेल्या पॅडनं कितीही चांगलं पॉलिश वाया जातं. पॅड कोरडं वाटलं तर पाण्याचा एक हलका फवारा द्या, पण बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार वाळून डाग पडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, कुठंही मिळतं.

पॉलिशचाही फरक पडतो. काही पॉलिशमधले कण घासता घासता बारीक होत जातात, मेंझर्नाची बरीच पॉलिश त्या जातीची. ती शेवटपर्यंत फिरवावी लागतात आणि तेवढ्यात चिकट पेंट तापतो. मेगायर्स २०५ सारख्यातले कण मुळातच बारीक आणि तसेच राहणारे, त्यामुळं ओलं असतानाच थांबता येतं. चिकट पेंटवर मी तेच घेतो.

नांदेडकर

लातूरकरांशी सहमत, पण दोन गोष्टी माझ्याकडून.

पहिली पुसण्याची. दर वेळी अल्कोहोल मारायलात ते बंद करा. कडक अल्कोहोलनं मऊ क्लिअर कोट तेवढ्यापुरता फुगतो आणि कपडा कोरडा ओढला जातो. निम्मे ओरखडे तुमच्या पुसण्यानंच पडत असतील. आधी क्विक डिटेलर (पेंट पुसताना मारायचा गुळगुळीत फवारा) मारा, जाड लवीचा टॉवेल वर नुसता ठेवा, गोळ्या ओल्या होऊ द्या, मग न दाबता उचलत पुसा. अल्कोहोल फक्त शेवटच्या तपासणीला, तेही भरपूर पातळ करून.

दुसरी पॅडची. फिनिशिंगसाठी लोक सगळ्यात लुसलुशीत पॅड घेतात. माझा अनुभव असा की चिकट पेंटवर तेच जास्त धरतं. त्याच पॉलिशला थोडं टणक, मोठ्या छिद्रांचं पॅड लावून बघा. रोटरी (पॅड नुसतं गोल फिरवणारं मशीन) असेल तर ८०० आरपीएमच्या आसपास हलक्या हातानं चांगली चालते, रेघ थांबायचा प्रश्नच येत नाही. पण कडेला पत्रा पटकन तापतो आणि होलोग्राम (उन्हात दिसणारे मशीनच्या घासण्याचे पट्टे) पडतात. हात बसलेला नसेल तर मामांच्या गाडीवर शिकू नका.

लातूरकर

एक राहिलंच, आणि ते जास्त महत्त्वाचं. २६० मायक्रॉन दिसलं म्हणून क्लिअर कोट जाड आहे असं समजू नका. मीटर पत्र्यापासून वरपर्यंतचं सगळं मोजतं, त्यात पुट्टी आणि प्रायमरही आले. मला शंका आहे की त्या बोनेटचा क्लिअर नीट पिकलेलाच नाही. हार्डनर कमी घातला, थिनर वाढवला की तो कायमचा मऊ राहतो. बोनेट उघडून आतल्या कडेला नख दाबून बघा. तिथंच कापसाला थिनर लावून थोडं घासा. पिकलेला क्लिअर एवढ्यानं दाद देत नाही.

परभणीकर

दोघांचे मनापासून आभार. पहाटे केलं, फक्त फिनिशिंग पॉलिश, टणक पॅड, प्रत्येक जागेनंतर ब्रश. फेंडर अप्रतिम निघाला, दरवाज्याशेजारी ओळखू येत नाही. रेघ फिरत राहिली, गोळ्या अगदी तुरळक, आणि डिटेलरचा फवारा मारून टॉवेल ठेवल्यावर त्याही विनातक्रार निघाल्या.

बोनेट कडांना सुधारलं, पण मधे गार पत्र्यावरही पॅड धरतंच. नख दाबलं तर वण राहतोय. थिनर लावल्यावर क्लिअर चिकट झाला आणि कापसावर काळा रंग उतरला. मामांना दाखवलं. ते म्हणाले, रंगवायचं तर रंगवू. मग आता याच्यावरच नवीन क्लिअर मारून भागेल का?

लातूरकर

नाही भागणार. खालचा थर कच्चा असेल तर नवीन क्लिअरमधलं थिनर त्यात शिरतं आणि वरचा थर सुरकुततो. पेंटरला पक्क्या थरापर्यंत, गरज पडली तर पत्र्यापर्यंत खरवडायला सांगा. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा) आणि त्याच कंपनीचा हार्डनर, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, तुमच्यासमोर मोजून घालू द्या. बेकिंग बूथ असलेलं गॅरेज बघा. साधारण ६० अंशावर अर्धा तास हे नेहमीचं माप आहे, पण ते पत्र्याचं तापमान हवं, बूथमधल्या हवेचं नव्हे. आणि काम पावसाळ्याच्या आत उरकून घ्या, दमट हवेत स्प्रेला पांढुरकेपणा येतो. रंग झाल्यावर महिना-दोन महिने त्यावर वॅक्स किंवा कोटिंग चढवू नका. धूळ बसली तर पाण्यानं धुवा, कोरडं फडकं मामांच्या हातात पडू देऊ नका. तोपर्यंत आत्ताच्या बोनेटवर मशीन लावायचं थांबवा.