मदत हवी आहे: परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकरीची तयारी किती आधीपासून करायची?

नमस्कार मंडळी, मला पुढच्या वर्षी परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय आणि तारखांचं गणित काही केल्या बसत नाहीये. जपानमध्ये शाळा एप्रिलला सुरू होतात, कोरियात मार्चला, स्पेनमध्ये सप्टेंबरला, म्हणजे प्रत्येक देशासाठी उलटं मोजत यावं लागतं ना? पोलीस क्लिअरन्स (आपल्यावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला) फार लवकर काढलं तर जुनं झालं म्हणून परत मागतात, कोरियाच्या व्हिसाला तर ते ६ महिन्यांच्या आतलंच लागतं, आणि उशिरा काढलं तर अपॉस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) व्हायच्या आत जॉइनिंगची तारीख येते. मागच्या वेळी माझं अगदी हेच झालं, मुलाखत छान झाली होती पण डिग्रीचं अपॉस्टिल वेळेत हातात आलं नाही आणि जागा गेली, अजून वाईट वाटतं. म्हणून यंदा डिग्रीचं काम आधीच उरकतेय, पोलिसांचं मात्र कधी काढू?

दुसरं म्हणजे कोर्स. १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) बहुतेक जाहिरातींना चालतो असं दिसतं, पण सेल्टामध्ये (केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं आणि मला तो अनुभव हवाच आहे, फक्त फुल टाइम केला तरी ४ आठवडे जातात आणि खर्चही बराच. आधी सेल्टा करून मग अर्ज करावेत की कोर्स चालू असतानाच पाठवावेत?

आणि पहिला पगार हातात येईपर्यंत किती महिन्यांचा खर्च जवळ ठेवला होता तेही प्लीज सांगा.