टोकियो, २८ डिसेंबर ते ४ जानेवारी: कुठल्या दिवशी काय?

नमस्कार मंडळी,
सोबत दोन ज्येष्ठ, ९ आणि १३ वर्षांची मुलं, सगळे शाकाहारी. २९-३० ला राजवाड्याची बाग आणि संग्रहालयं, १ ला कामाकुरा (समुद्राकाठचं जुन्या मंदिरांचं गाव), २ ला हाकोने (फुजीजवळचा डोंगराळ भाग), उरलेल्या दिवसांत शहर. तारखा बरोबर आहेत का? जेआर पास (जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास) घ्यावा का?

---

नमस्कार,

ठिकाणं छान, तारखा मात्र जवळजवळ उलट्या करा. नववर्ष हा तिथला घरचा सण. साधारण २९ डिसेंबर ते ३ जानेवारी कचेऱ्या, बरीच संग्रहालयं आणि छोट्या खानावळी बंद असतात. राजवाड्याची पूर्व बाग तर २८ पासूनच बंद, ती ४ च्या आधी उघडत नाही. म्हणून वर्ष संपेपर्यंत बाहेरगावं उरकून घ्या.

> २ ला हाकोने

हे पहिलं खोडा. २ आणि ३ जानेवारीला टोकियो ते हाकोने अशी विद्यापीठांची रिले शर्यत असते. ती भर रस्त्यावरून जाते, त्यामुळे बस अडकतात. हाकोनेतल्या कोवाकिदानीच्या रेल्वे फाटकावर तर धावपटूंसाठी आगगाडीच थांबवतात! २९ ला जा. हिवाळ्यात हवा कोरडी असते, फुजी सकाळीच स्वच्छ दिसतो.

टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनाहून ओदाक्यू कंपनीची रोमान्सकार ही जलद गाडी हाकोने-युमोतोला साधारण दीड तासात पोचते. तिथून गोरापर्यंत डोंगरी आगगाडी, मग केबल कार (दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी), ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीवरून रोपवे, आशी तलावात बोट आणि परतीला बस. हाकोने फ्रीपास या एकत्रित तिकिटात हे सगळं येतं, रोमान्सकारचा जादा आकार तेवढा वेगळा. सातच्या आत निघा, कारण रोपवे आणि बोटी चार-सव्वाचारच्या सुमारास आटोपतात आणि साडेचारला सूर्य मावळतो. वारा किंवा ज्वालामुखीचा वायू वाढला तर रोपवे बंद ठेवतात. त्याऐवजी बस लावतात, पण वेळ जातो. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

३० ला ताकाओ डोंगर (५९९ मीटर). शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभराच्या आत. केबल कारने चढा आणि ज्येष्ठांना १ क्रमांकाच्या फरसबंद वाटेनेच न्या. ओढ्याकाठची ६ क्रमांकाची वाट थंडीत निसरडी असते.

कामाकुरा ३१ ला दिवसा करा. १ पासून तिथल्या त्सुरुगाओका हाचिमानगू मंदिरात वर्षातल्या पहिल्या दर्शनाची रीघ लागते. रांगेत उभं राहायची हौस असेल तर टोकियोतलं मेइजी मंदिर आहेच, पहिल्या तीन दिवसांत तिथे तीसेक लाख लोक येतात. ज्येष्ठ बरोबर असताना मी तरी सुचवणार नाही. १ तारीख उशिरा उठून निवांत भटकायला ठेवा.

२ ला राजवाड्याचं आतलं आवार लोकांना खुलं होतं आणि सम्राट सज्जात येऊन दर्शन देतात. झडती होते, मोठ्या पिशव्या नेऊ नका. ३ ला कावागोए हे जुन्या वळणाचं गाव: टोकियोतल्या इकेबुकुरोहून तोबू तोजो लाइनने अर्धा तास. त्या दिवशी किताइन मंदिरात दारुमा या शुभ मानल्या जाणाऱ्या गोल बाहुल्यांची जत्रा भरते.

---

> जेआर पास घ्यावा का?

नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. शिवाय वरच्या बेतातल्या ओदाक्यू, केइओ, तोबू या खासगी कंपन्या, त्यांच्या गाड्यांत हा पास चालत नाही. सुइका हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड पुरेल. माणशी एक लागतं, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. ९ वर्षांच्या मुलाला अर्धं भाडं, पण मुलांचं कार्ड पारपत्र दाखवून खिडकीवर घ्यावं लागतं. १३ वर्षांच्याला पूर्ण भाडं.

जेवणाचं: 'मासे नको' म्हटलं की ताटातला तुकडा जातो, रस्सा तोच राहतो. मिसो सूप, सोबा शेवयांचा रस्सा, कधी कधी अंड्याची गुंडाळीसुद्धा दाशी या पातळ अर्कात केलेली असते आणि दाशी बहुधा कात्सुओ माशाची. 'मांस, मासे, दाशी चालत नाही' असं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. ओनिगिरीत (भाताच्या गोळ्यात) उमेबोशी (खारवलेलं उमे फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ) असलेली बघा, तरी वेष्टनावर कात्सुओचा अर्क लिहिलाय का ते कॅमेऱ्यातून भाषांतर करून तपासा. कोंबिनी, म्हणजे चोवीस तासांची छोटी दुकानं, बहुतेक १ तारखेलाही उघडे असतात. टोकियोच्या निशि-कासाई भागात भारतीय वस्ती, दुकानं, हॉटेलं आहेत, सुट्टीतल्या वेळा मात्र विचारा. दशम्या आणि मेतकूट जवळ असू द्या.

---

एक भर. दिवसा दहा अंश, रात्री दोन-तीन, आणि गाड्यांत हीटर एवढे की घाम फुटतो. एकच जाड कोट नको, काढता-घालता येतील असे थर हवेत. उष्णतेच्या कायरो पुड्या कपड्यावरच चिकटवा. थेट कातडीवर तासभर राहिल्या तर भाजतं, ज्येष्ठांना लवकर कळतही नाही.