मदत हवी आहे : कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे डाग ब्लोअरने जात नाहीत

सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि दरवर्षी सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलांचे फोटो काढतो. यंदा वाऱ्यात आणि भुरभुर पावसात दोनदा लेन्स बदलावी लागली, आणि तेव्हापासून प्रत्येक फोटोत आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात तीन करडे डाग दिसतात. एफ/४ ला (लेन्सचे छिद्र मोठे असताना) ते जवळजवळ विरून जातात, पण एफ/१६ ला (छिद्र लहान असताना) मोहरीच्या दाण्याएवढे ठसठशीत उमटतात. लेन्स बदलूनही जागा तीच राहते, त्यामुळे दोष सेन्सरवरचाच, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावरचाच आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही.

कॅमेऱ्यातील स्वयंसफाई अनेकदा चालवली आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून रबरी ब्लोअरनेही हवा मारली. त्याने एक बारीक तंतू गेला, हे तीन डाग मात्र तसूभरही हलले नाहीत. त्यातल्या एकाच्या कडेला फिकट वलय आहे, म्हणून ती कोरडी धूळ नसून वाळलेला थेंब किंवा वंगण असावे असे वाटते.

माझा सेन्सर एपीएस-सी या मध्यम आकाराचा आहे. १६ मिलिमीटरचा स्वॅब (सेन्सर पुसण्याची सपाट टोकाची काडी) आणि सेन्सरसाठीचे द्रव वापरून ही सफाई घरी ज्यांनी स्वतः केली आहे, त्यांनी द्रवाचे थेंब किती घेतले आणि हाताचा दाब किती ठेवला, हे कृपया सविस्तर सांगावे. सातारा किंवा सांगलीत हे काम आपल्यासमोर करून देणारा विश्वासू कारागीर असल्यास तेही कळवावे, कारण कॅमेरा कुरिअरने दूर पाठवण्यास मन धजत नाही.