अनुभव धागा: भाद्रपद-आश्विनातली बाग, उशिराची फुलं, सीताफळं आणि मोहोळं

परभणी (धागा काढणारी)

महालक्ष्म्या उठल्या की पावसाळी बागेचा जोर उतरतो, आणि तिथून दसऱ्यापर्यंत जो उकाडा असतो ना त्या दिवसांत बागेत काय चालतं हे कुणी लिहीतच नाही. सगळं लिखाण एकतर जूनच्या लागवडीवर नाहीतर हिवाळी फुलांवर. म्हणून हा धागा. गच्ची, माळवद (मातीचं धाबं), परसबाग, आखाडा (शेतातली राहायची जागा), बांध, काहीही चालेल. पुस्तकातलं नको, स्वतःचं सांगा. कुणी हौसेनं सफरचंद लावलं असेल तर त्यांनीही लाजू नका.

सुरुवात मीच करते. माझ्याकडं शेवंतीच्या कुंड्या दोन जागी आहेत, काही मागच्या अंगणात आणि काही गेटपाशी रस्त्यावरच्या लाइटखाली. एकाच झाडाच्या काड्या, माती तीच, पाणी तेच. अंगणातल्या दसऱ्याच्या सुमारास कळ्या धरतात आणि गेटपाशीच्या नुसत्या उंच होत बसतात. शेवंतीला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरता येत नाही आणि त्या लाइटमुळं बिचारीला रात्र होतच नाही. फुलशेतीवाले हेच मुद्दाम करतात, रानात बल्ब लावून फूल लांबवतात. मी आता दिवेलागणीला गेटपाशीच्या कुंड्यांवर काळं कापड टाकते अन् सकाळी काढते. शेजारीण विचारते, शेवंतीला थंडी वाजायली का?

धारूर, बालाघाटावरून

सफरचंद राहू द्या, आमचं सीताफळ घ्या. डोंगरावर ते कुणी लावलेलं नसतं, खडकाच्या फटीत आपोआप येतं आणि शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही म्हणून टिकतं, नाहीतर आमच्या डोंगरावर हिरवं काय राहतंय. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि अंबाजोगाईला परभणी कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्रच आहे.

धाग्यात मोहोळाचं नाव आहे म्हणून सांगतो, सीताफळाला मधमाशीचा काही उपयोग नाही. फूल खाली तोंड करून असतं, पाकळ्या जाड, पुरत्या उघडतही नाहीत, त्यात बारीक भुंगेरे शिरतात आणि तेच परागाचं काम करतात. वर एकाच फुलातला मादीचा भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो, म्हणजे त्याला आपलाच पराग वेळेवर मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात आलेली फुलं बहुतेक गळतात, पाऊस पडून हवेत ओल आली की मग फळ धरतं. बागायतदार ब्रशनं हातानं पराग लावतात, फळ मोठं अन् गोल भरतं.

तोडायचं कधी हे लेकरांनाही कळतं इकडं. डोळे फुगले आणि दोन डोळ्यांमधली रेघ पिवळट पांढरी झाली की तोडायचं. आमची आजी कणगीत ज्वारीत खुपसून ठेवायची. कच्चं फळ फ्रीजमध्ये अजिबात ठेवू नका, वरून काळं पडतं आणि आतून दगड होतं, मग पिकतच नाही. आणि एक काळजी, बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावतात गावाकडं, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला जखम होते. मी तर म्हणतो करूच नका तो उद्योग.

संभाजीनगर

डोळे फुगले म्हणजे किती ते फोटोत दाखवा की. इथं गाड्यावर सगळी हिरवीगार कडक विकतात, घरी आणून आठवडा झाला तरी तशीच.

धारूर, बालाघाटावरून

ती कोवळी तोडलेली असतात, लांबच्या बाजारासाठी. पिकायची नाहीत. रेघ बघूनच घ्या.

लातूर

झेंडू. 2025 च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सिंदफणा सगळ्याच नद्या फुगल्या होत्या ते सगळ्यांना आठवत असेलच, दसरा 2 ऑक्टोबरला होता आणि आमच्या बांधावरचा झेंडू त्याच्या आधीच मुळापासून सडला, नुसता हात लावला तरी झाड हातात. राहिला तो माळवदावरचा, फुटक्या घमेल्यात अन् तेलाच्या डब्यात लावलेला, कारण खाली भोकं होती आणि पाणी निघून जायचं. तेवढ्यात दाराचं तोरण झालं, गाडीला हार झाला, देवघराला झाला. तेव्हापासून मी थोडी रोपं माळवदावर ठेवतेच. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल येतं म्हणून दसरा पंचांगात बघून मागं मोजायचं. बी धरायचं असेल तर गावरान झेंडूचंच धरा, संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी कसंही निघतं. बाजारात विकायला नेणाऱ्यांबद्दल काय बोलू, सकाळी जो भाव तो दुपारी नाही आणि संध्याकाळी ढीग रस्त्यावर टाकून लोक घरी जातात.

नांदेड

सफरचंदवाला हजर. घरच्यांनी हसून घेतलंय, तुम्हीही हसा.

काश्मीर हिमाचलच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात 7 अंशांच्या खाली साधारण हजार तास थंडी लागते, तेवढी नांदेडला कुठून आणायची. मी लावलंय ते एचआरएमएन 99, हिमाचलमध्ये बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली जात, 2025 ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सोबत ॲना आणि डॉर्सेट गोल्डनचं एकेक झाड, म्हणजे एकमेकांचा पराग मिळतो. गंमत अशी की तिकडं सप्टेंबर म्हणजे सफरचंदाचा हंगाम आणि आपल्याकडं सप्टेंबरात या झाडावर पानं सोडून काहीच नाही. फूल हिवाळा सरताना येतं आणि फळ उन्हाळ्यात. आत्ता काम एकच, बुडाशी पाणी थांबू द्यायचं नाही. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, म्हणून मी मुरूम मिसळून उंचवटा केलाय. आत्ता युरिया नको, कोवळी फूट येऊन झाड झोपतच नाही. डिसेंबरात राहिलेली पानं हातानं ओरबाडून छाटणी करतो. फळ लहान, आंबटगोड, चव ठीकठाक. खरं सांगू, खाणाऱ्यापेक्षा बघायला येणारे जास्त. बाग करून पैसे मिळतील म्हणून कुणी एकरभर लावू नका, हौसेला एखादं झाड बस झालं.

हिंगोलीजवळचा आखाडा

मोहोळावर मी लिहितो. आमच्या आखाड्यावर सातेरीच्या पेट्या आहेत. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात अंधारात राहणारी, पोळी एकामागं एक लावणारी मधमाशी. फुलोरी वेगळी, ती लिंबाच्या फांदीला उघड्यावर एकच बारकं पोळं करते आणि पेटीत राहत नाही. आग्याचं सोडा, त्याच्या वाटेला कुणी जाऊ नका.

पावसाळ्यात माश्यांचे हाल असतात, झडीत बाहेर पडता येत नाही, मग साखरेचा पाक ठेवावा लागतो. सोयाबीनचं फूल संपलं की आमच्याकडं मधे पोकळी पडते आणि ती भरून काढतं बोर. बांधावरच्या बोरीला या दिवसांत बारीक हिरवट पिवळी फुलं लागतात, वास उग्र, माणसाला नको वाटतो पण माश्या तुटून पडतात. मग तूर. तुरीला माशी नसली तरी शेंग धरते, पण कारळाचं तसं नाही, कारळाला स्वतःचा पराग चालत नाही, माशी फिरली तरच दाणा भरतो. आधी प्रत्येकाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कारळाची एखादी ओळ असायची, चटणीपुरती. आता धुराच राहिला नाही, सोयाबीन थेट शेजाऱ्याच्या सोयाबीनला भिडतं.

तुरीवर अळीसाठी फवारा मारायचाच असेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी मारा. शेजारच्या वावरात भर दुपारी फुलोऱ्यात फवारणी झाली आणि आमच्या पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता, भांडून काय मिळणार, आता फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करा एवढंच ठरवलंय आणि मी रात्रीच पेटीचं दार जाळीनं बंद करतो. आत्ता मध काढू नका, पोळ्यात आहे तो त्यांच्या पोटापुरता. पेटीचा तळपाट, म्हणजे खालची फळी, झाडून घ्या, कचऱ्यात मेणकिडा लपतो.

जालना

आमच्याकडं माश्या कमी म्हणून लाल भोपळ्याला मी स्वतःच पराग लावते. फुलाखाली बारका भोपळा दिसला की ती मादी, नुसता दांडा असला की नर. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मादीत फिरवायचं, पण सकाळी लवकर, ऊन चढलं की फूल मिटतं. दोडक्याचं आणि दुधीचं उलटं, ती संध्याकाळी उघडतात. महालक्ष्म्यांच्या 16 भाज्यांतल्या निम्म्या वेलांवरच्याच असतात आमच्या.

लातूर

हिंगोलीवाले दादा, कारळाचं गावरान बी मिळेल का? यंदा नाही, पुढच्या पावसाळ्यासाठी. बाजारात चटणीचं मिळतं ते उगवंल का?

हिंगोलीजवळचा आखाडा

भाजलेलं नसलं तर उगवंल ताई. मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघा आधी. नाही मोड आले तर कळवा, धाडतो.