सलाइन भरल्यावर पोकळीच्या तळाशी पांढरा पट्टा: गाठ की आभास?

प्रश्न
ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) शस्त्रक्रियेत ड्यूरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडण्याआधीची सोनोग्राफी स्वच्छ येते. गाठ बरीचशी काढून पोकळीत सलाइन भरलं की तळाशी पांढराशुभ्र पट्टा उमटतो. गाठ उरली आहे की आभास, कसं ओळखायचं? गेन (चित्राची एकूण उजळी) कमी करून भागेल का? प्रोब (ध्वनी सोडणारा, हातात धरायचा भाग) ५ ते १२ मेगाहर्ट्झचा.

उत्तर १
निदान काही भाग तरी आभासच असतो. मेंदूत ध्वनी दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण ०.६ डेसिबेल क्षीण होतो. म्हणजे ८ मेगाहर्ट्झवर ३ सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला २९ डेसिबेलच्या आसपास घट. सलाइनमध्ये तेवढ्याच वाटेत १ डेसिबेलही जात नाही. वाटेत मेंदू नसून पाणी आहे हे यंत्राला कुठून कळणार? ते खोलीप्रमाणे ठरलेली भरपाई देत राहतं आणि तळ उजळतो.

गेन सरसकट उतरवू नका, सगळंच चित्र विझेल. टीजीसीची (खोलीनुसार भरपाई कमीजास्त करणाऱ्या पट्ट्यांतली) त्या खोलीची पट्टी खाली ओढली तर तळ सुधारतो, पण त्याच खोलीवरचा बाजूचा मेंदूही काळा पडतो. म्हणून दोन्ही सेटिंगवर चित्र घ्या.

उत्तर २
खरी कसोटी कोन बदलण्याची. प्रोब पोकळीच्या कडेबाहेर, मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवून तोच तळ तिरका बघा, म्हणजे किरण सलाइनमधून जाणार नाही. पट्टा विरला तर आभास. तिथेच टिकला तर गाठ, रक्त किंवा सूज. ड्यूरा उघडण्याआधीच्या चित्राशी ताडून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. लहान प्रोब असेल तर पोकळीत उतरवून भिंतीजवळ न्या. मधलं सलाइन जितकं कमी, तितका पट्टा फिका.

निम्म्या चुका भरण्यातच होतात. टेबल असं झुकवा की कवटीची खिडकी आडवी राहील, नाहीतर सलाइन वाहून जातं. सिरिंजचं टोक बुडवून हळू भरा. बुडबुडा राहिला की त्याखाली काही दिसत नाही. सलाइन ३७ अंशांचं हवं. यंत्र ध्वनीचा वेग १५४० मीटर प्रतिसेकंद धरून चालतं. २० अंशांच्या सलाइनमध्ये तो १४९० च्या आसपास असतो, म्हणजे ३ सेंटीमीटरमागे १ मिलिमीटरची चूक. नेव्हिगेशन (स्कॅनच्या आधारे जागा दाखवणारी यंत्रणा) वापरत असाल तर ती नडते.

प्रश्नकर्ता
सर, सर्जिसेल (रक्तस्राव थांबवायची जाळी) ठेवून स्कॅन केला तर चालेल?

उत्तर २
नाही. सर्जिसेल, पॅटी (मेंदूवर ठेवायचा कापसाचा तुकडा), गोठलेलं रक्त, तिन्ही पांढरीच दिसतात. आधी काढा, धुवा, मग भरा.

उत्तर ३
मुळावरचा इलाज म्हणजे सलाइनऐवजी मेंदूइतकाच ध्वनी शोषणारा द्रव. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या गटाने तसा द्रव बनवून रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. मात्र हे वाचून कुणी ऑपरेशन थिएटरमध्ये स्वतःचं मिश्रण कालवू नये. प्रोबची जेल फक्त निर्जंतुक आवरणाच्या आत, पोकळीत कधीच नाही.