ओंबळेंच्या नावाचा कोळी

दादा, 26 नोव्हेंबरला मेणबत्तीचा फोटो टाकण्यापलीकडे आपण कोळी बघणारी माणसं काय करणार, हा तुमचा प्रश्न मनाला लागला. पण उत्तर आपल्या छंदातच आहे. ठाण्याकडे सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला 2021 मध्ये 'आयसियस तुकारामी' नाव दिलं, ते मुंबई पोलिसांतल्या शहीद तुकाराम ओंबळेंवरून. आपल्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी धरली. गोळ्या लागल्या तरी सोडली नाही.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर मी पोरांना असे कोळी दाखवतो. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, पण भिंगाकडे वळून टक लावून बघतो. झेप घेण्याआधी मागे रेशमाचा धागा चिकटवतो, पडलाच तर आधाराला. इथं माझा आवाज दरवेळी अडखळतो. ओंबळेंच्या मागे कुठला धागा होता? 'काका, काय झालं?' असं पोरंच विचारतात, मग सगळं सांगतो.

यंदा 26 ला सकाळी केडंब्याला जाऊ या का? चार भिंगं घेतो, तिथल्या पोरांनाही दाखवू. माझ्या गाडीत दोन जागा आहेत.